काळं दिसलं म्हणजे खत? पिशवीतल्या कंपोस्टची गोष्ट

आजच्या भागात ना किल्ला आहे ना लढाई. आज खत आहे. इअरफोन काढू नका, पंधरा मिनिटं द्या. नेहमीसारखंच बोललेलं इथे उतरवलंय, अडखळणं तेवढं कापलंय.

सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करतो. आमची आजी ब्रह्मपुरी तालुक्यातली. धानाची शेती, आता ठेक्याने दिलेली. घरामागच्या सांदवाडीत तिची एक मिरची असायची. बुटकी, जहाल तिखट, नाव वगैरे काही नाही, 'आपली मिरची' एवढंच. दरवर्षी ती त्या मिरचीचं बी राखेत घोळून फडक्याच्या गाठीत बांधून ठेवायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती आमच्याकडे चंद्रपूरला राहायला आली आणि सांदवाडी संपली. फडक्यातलं बी तेवढं राहिलं. यंदा होळीच्या आधी त्यातलं अर्धं तिने माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, "गच्चीवर लाव बाबू. बी जुनं झालं का मंग उगवत नाई."

मी काय केलं? दुकानातून पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या आणल्या. वर लिहिलेलं 'ऑरगॅनिक पॉटिंग मिक्स', शेजारी लालबुंद टोमॅटोचा फोटो, आत काळंभोर भुसभुशीत काहीतरी. काळं म्हणजे कसदार, एवढंच माझं ज्ञान. बी छान उगवलं. मग रोपं चार पानांवर आली आणि पिवळी पडू लागली. मी पाणी वाढवलं. अजून पिवळी. तीन आठवड्यांत सगळा ट्रे साफ. आजी गच्चीवर आली, ट्रेमध्ये हात घातला, मूठ दाबली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "हे खत नोहोय बाबू. हा भुसा होय. काळा झाला हाये फक्त."

दुकान कुठलं ते सांगत नाही, मुद्दा तो नाहीये. माझ्या डोक्यात दोन प्रश्न बसले. तिला पाच सेकंदांत जे कळलं, ते पिशवीवरचं सगळं वाचूनही मला का कळलं नाही? आणि उरलेलं अर्धं बी आता कशात लावायचं? कारण ते गेलं की ती मिरची गेली. ऑनलाइन ऑर्डर करता येत नाही ती.

तर चला, मागे जाऊ.

झाडीपट्टीत, म्हणजे वैनगंगेच्या दोन्ही काठांच्या धानाच्या मुलखात, खत बंडीने मोजायचे. बंडीभर खत कोणी कोणाला दिलं तरी ते कोणाच्या गोठ्यातलं, किती पावसाळे खड्ड्यात पडलेलं, त्यात तणस जास्त की शेण जास्त, हे अख्ख्या गावाला ठाऊक. शिवाय उन्हाळ्यात तलाव आटले की तळाचा गाळ बांध्यांत जायचा. इथले ते जुने तलाव, ज्यांना आपण मालगुजारी किंवा मामा तलाव म्हणतो आणि ज्यातले पुष्कळ कोहळी समाजाने बांधले, ते फक्त पाणी साठवत नव्हते. सुपीक मातीही अडवत होते. २०१७ मध्ये राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' नावाने योजना काढली, तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना त्यात नवीन काही वाटलं नसणार.

आणि जंगल. १८९३ मध्ये जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचा भारतीय शेतीवरचा मोठा अहवाल छापून आला. त्याचं एक निरीक्षण मला फार आवडतं. भारतातला शेतकरी शेण जाळतो ते अडाणी आहे म्हणून नाही, सरपण मिळत नाही म्हणून. लाकूड हाताशी असेल तिथे शेण शेतात जातं. त्यामुळे सरपणासाठी राखीव वनं वाढवा, खत आपोआप वाढेल, असं त्याचं म्हणणं. म्हणजे खताचा प्रश्न खरं तर चुलीचा प्रश्न होता. आमच्या भागात जंगल होतं, म्हणून उकिरडाही श्रीमंत होता.

जंगलाकडे खताचा अजून एक धागा आहे, वासाचा. गडचिरोलीच्या सागवानात पहिल्या पावसानंतर पाचोळा बाजूला करून खालची माती उचललीत तर जो वास येतो, तोच वास पिकलेल्या खताला येतो. ही नुसती कविता नाही. मातीतले ॲक्टिनोमायसीट नावाचे जीवाणू एक द्रव्य तयार करतात, त्याला १९६५ मध्ये संशोधकांनी 'जिओस्मिन' हे नाव दिलं. आपलं नाक त्याच्या बाबतीत भलतंच तीक्ष्ण असतं. सडणं संपून माती होणं सुरू झालं की हे जीवाणू जोर धरतात. आजी नाकाशी मूठ नेते तेव्हा ती हेच तपासत असते, फक्त तिला जीवाणूंची नावं माहीत नाहीत.

(मग जंगलातूनच पोतं भरून आणलं तर? नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'वनोपज' या शब्दाच्या व्याख्येत पानं, फुलं, लाकूड तर आहेच, पण वरची मातीसुद्धा आहे. नर्सरीच्या नावाखाली राखीव जंगलातली काळी माती खरवडून आणणं म्हणजे वनोपज चोरणं. शिवाय तिथली ती बोटभर माती व्हायला किती पावसाळे लागतात ते झाडालाच विचारा.)

आता १९२४ साली इंदूरला जाऊ. होळकरांचं इंदूर, मराठी माणसाला परकं नाही. तिथे कापसावर संशोधन करण्यासाठी 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली, प्रमुख होते अल्बर्ट हॉवर्ड. सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक पुस्तकात हा माणूस भेटतो. पण १९३१ मध्ये ज्या पुस्तकातून 'इंदूर पद्धत' जगभर गेली, त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हे वाड संस्थेत रसायनशास्त्राची बाजू सांभाळायचे. मला चार वर्षं कॉलेजमध्ये आणि पाच वर्षं नोकरीत हे नाव कोणी सांगितलं नाही. अर्थात मी कोडिंग करत होतो, पण तरी.

या दोघांसमोरचा प्रश्न विदर्भातल्या कुठल्याही शेतकऱ्याला कळेल. पऱ्हाट्या आणि तुराट्या. टणक, सहज न कुजणाऱ्या. उपाय काय केला? रस्त्यावर टाकल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकाखाली त्या चिरडल्या गेल्या की खड्ड्यात घ्यायच्या. त्यावर शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, लाकडाची राख. थर लावायचे, ओल राखायची, हवा खेळती ठेवायची, तीन वेळा उलटायचं. साधारण तीन महिन्यांत खत.

यात खरा शोध राशीचा नव्हता, आकड्याचा होता. जीवाणूंना खायला कार्बन लागतो आणि अंग धरायला नायट्रोजन. वाळकं लाकूड, भुसा, कुटार यांत कार्बन प्रचंड आणि नायट्रोजन नावाला. भुशात तर एका भागाला शेकडो भाग. राशीची सुरुवात तिसाला एकच्या आसपास झाली तर ती नीट तापते, कुजते, आणि पिकता पिकता ते प्रमाण उतरत दहा-पंधराला एकवर येतं. खत पिकलं की नाही हा जो प्रश्न आजी नाकाने सोडवते, तो इंदूरला पहिल्यांदा इतक्या नेटाने प्रयोगशाळेत सोडवला गेला.

आता माझी रोपं का मेली ते बघा. न पिकलेलं मिश्रण कुंडीत गेलं की जीवाणू तिथेच राहिलेलं काम पूर्ण करायला बसतात. नायट्रोजन कमी पडतो, मग ते रोपाच्या तोंडचा ओढून घेतात. रोप पिवळं पडतं. तुम्ही म्हणता पाणी कमी पडलं आणि अजून पाणी ओतता, मग मुळांना हवाही मिळत नाही. मी अगदी हेच केलं. आमच्या शेजारीच बल्लारशा, सागवानाचा मोठा डेपो. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड इथूनच गेलं. आरा गिरण्या आहेत तिथे भुसा स्वस्त असणारच. माझ्या पिशवीतला भुसा इथलाच होता असं मी म्हणत नाही, पण भुसा होता. चाळल्यावर दिसला.

इंदूरनंतरचा थांबा आमच्या आणखी जवळचा. यवतमाळ जिल्ह्यातलं पुसद. तिथले गांधीवादी कार्यकर्ते नारायण पांढरीपांडे, सगळ्यांचे नाडेपकाका. ना. दे. पां., म्हणून 'नाडेप'. बरेच लोक याला इंग्रजी शॉर्टफॉर्म समजतात, मीही समजत होतो. गुरं कमी, शेण कमी, मग थोड्या शेणात जास्त खत कसं करायचं हा त्यांचा ध्यास. उत्तर म्हणजे विटांचं टाकं, साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी मुद्दाम सोडलेली भोकं. आत काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणाचं पाणी, त्यावर चाळलेली कोरडी माती, असं टाकं भरत न्यायचं आणि वरून शेणमातीने लिंपून टाकायचं. शंभरेक किलो शेणात तीन-चार महिन्यांनी जवळपास तीन टन खत. विदर्भातून निघालेली ही गोष्ट पुढे इतर राज्यांतही सरकारी योजनांमधून पोहोचली.

पण मला नाडेपमध्ये वेगळंच काहीतरी दिसतं. टाकं भरणाऱ्यालाच माहीत असायचं आत काय गेलंय. प्लॅस्टिक नाही, काच नाही, सेल नाही. उकिरड्यावर प्रश्न एकच होता, पिकलं का? पिशवीवर प्रश्न दोन होतात. पिकलं का, आणि आत मुळात काय आलं होतं? पहिल्याचं उत्तर नाक देतं. दुसऱ्याचं देत नाही. शिशाला वास नसतो.

हा दुसरा प्रश्न शहरांनी आणला. शहराचा कचरा एकत्र गोळा होतो, त्यात भाजीच्या देठांसोबत बॅटरी, रंगाचे डबे, ट्यूबलाइट सगळं येतं, आणि त्याचंच पुढे कंपोस्ट करून विकतात. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली, त्यातून २००० साली शहरी घनकचऱ्याचे नियम आले, आणि त्यांत कचऱ्यापासून केलेल्या कंपोस्टमध्ये जड धातू किती चालतील याचे आकडे आले. रासायनिक खतावर आपल्याकडे १९५७ पासून नियंत्रण आदेश होता, आत्ताचा १९८५ चा. पण सेंद्रिय खत त्या आदेशात आलं थेट २००६ मध्ये. म्हणजे युरियाच्या पोत्यावर काय लिहायचं हे ठरून जवळपास पन्नास वर्षं झाल्यावर गांडूळखताच्या पोत्याचा विचार झाला. इंग्लंडात खत विकणाऱ्याने नायट्रोजन-फॉस्फेट किती ते पावतीवर लिहून द्यावं, असा कायदा १८९३ मध्येच झाला होता. व्होल्करचा अहवाल आला तेच साल.

सिटी कंपोस्टसाठी आदेशात जे निकष आले, ते मी आजीला वाचून दाखवले. रंग गडद तपकिरी ते काळा. दुर्गंधी नको. ओलावा १५ ते २५ टक्के. ४ मिलिमीटरच्या चाळणीतून किमान ९० टक्के माल खाली पडावा. एका घन सेंटिमीटरचं वजन एक ग्रॅमपेक्षा कमी. सेंद्रिय कार्बन किमान १२ टक्के, गांडूळखतात १८. कार्बन-नायट्रोजन प्रमाण २० च्या खाली. सामू ६.५ ते ७.५. आजी म्हणाली, "मंग यात नवं काय हाये?" बरोबर आहे तिचं. रंग, वास, ओल, चाळणी, हलकेपणा, सगळं तिच्या मुठीत आहे. तिला नवं असेल ते यादीत खाली आहे: एका किलोत शिसं १०० मिलिग्रॅमच्या वर नको, कॅडमियम ५ च्या वर नको, पारा ०.१५, आर्सेनिक १०. चंद्रपूरकरांनी हे आकडे हलक्यात घेऊ नयेत. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात आपण ८३.८८ गुणांनी देशात चौथे होतो. बोर्डाच्या परीक्षेत एवढे मिळाले असते तर पेढे वाटले असते.

आणि इथे मला माझ्या पिशवीची गंमत कळली. आदेशाच्या यादीत सिटी कंपोस्ट आहे, गांडूळखत आहे, सेंद्रिय खत आहे. 'पॉटिंग मिक्स' हे नाव त्यात नाही. ते खत नाहीच मुळी, मिश्रण आहे, कोकोपीट, कंपोस्ट, माती, जे काय असेल ते. तेव्हा 'पॉटिंग मिक्स' लिहिलं की वरच्या आकड्यांचं बंधन राहत नाही. मी जिला हमी समजत होतो, ती फक्त छपाई होती. हेच मिश्रण इंग्लंडात १९३० च्या दशकात जॉन इन्स संस्थेत दोन माणसांनी बसून ठरवलं होतं: सात भाग माती, तीन भाग पीट, दोन भाग वाळू. आणि त्यांनी ते सूत्र सगळ्यांसाठी छापून टाकलं. आज ओपन सोर्स म्हणतो ना आपण, तसंच.

मग मी काय केलं ते सांगतो, कारण मेसेजमध्ये तुम्ही हेच विचारणार. यावेळी पॉटिंग मिक्स घेतलंच नाही. ज्यावर गांडूळखत किंवा सिटी कंपोस्ट असं स्पष्ट लिहिलंय, बनवणाऱ्याचा पत्ता, बॅच, महिना आणि घटकांचे टक्के छापलेत, अशा तीन छोट्या पिशव्या आणल्या. एक किलोच्या. पाच किलोचा मोह टाळला.

पहिलं, एक लिटरच्या भांड्यात भरून किचनच्या काट्यावर वजन. किलोच्या बरंच खाली हवं. वाळू लिटरला दीड किलोच्या आसपास भरते, त्यामुळे कोणी वाळू-माती मिसळून वजन वाढवलं असेल तर इथे सापडतं. एक पिशवी इथेच बाद झाली, सव्वा किलो. (ही परीक्षा नाडेपच्या खताला लावू नका, त्यात माती मुद्दाम असते आणि ती तुम्हीच घातलेली असते. इथे तुम्ही मातीला खताचा भाव देताय.) मग वाटीभर वजन करून गच्चीवर पसरलं. आमच्या उन्हात संध्याकाळपर्यंत कोरडं ठक्क. किती वजन घटलं तेवढ्या पाण्याचे पैसे तुम्ही दिले. चतुर्थांशापेक्षा जास्त घटलं तर दुकानदाराकडून पाणी विकत घेताय.

दुसरं, वासाची परीक्षा, पण घाईत नाही. मूठभर खत ओलं करून झिपच्या पिशवीत बंद करायचं, तीन दिवस सावलीत ठेवायचं, मग उघडायचं. पावसाळी मातीचा वास आला तर पिकलेलं. नाकात झोंबलं, अमोनियासारखं, किंवा नाल्यासारखं आलं, तर अजून कच्चं. दुकानात उघडून वास घेतला तर पुष्कळदा काहीच कळत नाही, कारण कोरडं ठेवलेलं कच्चं खत गप्प बसतं.

तिसरं माझं आवडतं, कारण यात गॅजेट आहे. आरओच्या पाण्याचा टीडीएस मीटर. तो खरं तर पाण्यातली विद्युतवाहकता मोजतो आणि साधारण निम्म्याने गुणून पीपीएम दाखवतो. एक भाग खत, पाच भाग आरओचं पाणी, ढवळून गाळायचं, मीटर बुडवायचा. आदेशातली मर्यादा ४ डेसीसीमेन्स, म्हणजे अशा मीटरवर २००० च्या आसपास. हा प्रयोगशाळेचा रिपोर्ट नाही, अंदाज आहे. पण न धुतलेल्या कोकोपीटमधला खारटपणा इथे पटकन दिसतो.

आणि शेवटचं, मेथी. दोन वाट्या, एकीत नुसती घरची माती, दुसरीत निम्मी माती निम्मं खत, प्रत्येकीत वीस दाणे. आठवडाभर थांबायचं. दोन्हीकडे सारखं उगवलं आणि खतातलं हिरवं राहिलं तर पास. हे माझ्या फोनवरच्या कुठल्याही ॲपपेक्षा खरं बोलतं, फक्त आठवडा लागतो. मी पहिल्यांदा हा आठवडा थांबलो असतो तर आज हा एपिसोडच नसता.

शिसं-कॅडमियम मात्र यातल्या कशातच कळत नाही. ते प्रयोगशाळेतच, आणि दोन कुंड्यांसाठी कोणी तपासणीचा खर्च करत नाही. तिथे मी सरळ बाजू घेतो. खायच्या भाजीला ज्याचा कच्चा माल मला सांगता येतो तेच खत. शहराच्या मिश्र कचऱ्याचं कंपोस्ट शोभेच्या झाडांना. काहींना हा अन्याय वाटेल, कारण ओला-सुका नीट वेगळा करून केलेलं सिटी कंपोस्ट उत्तम असू शकतं. असेल. मला माझ्या मिरचीपुरतं बोलायचंय.

तीनपैकी एक पिशवी मेथीपर्यंत टिकली. वीसपैकी अठरा दाणे, हिरवेगार. आजीने मूठ दाबली, वास घेतला आणि काही बोलली नाही. ती काही बोलली नाही म्हणजे पास.

मृगाच्या आठवड्यात उरलेलं बी लावलं. सगळं नाही, चिमूटभर फडक्यात परत बांधलं, राख घालून. या भागाचं रेकॉर्डिंग करतोय तेव्हा ट्रेमध्ये एकतीस रोपं आहेत, सहा पानांवर.

आणि ते जुनं पॉटिंग मिक्स मी फेकायला निघालो होतो. आजीने थांबवलं. ठेका घेतलेला भाऊ गावाहून आला होता, त्याच्या बंडीत दोन्ही पोती टाकायला लावली. गोठ्यातल्या खड्ड्यात, शेणाखाली. मी विचारलं, याचं खत व्हायला किती दिवस? ती म्हणाली, "भुसा हाये ना. पुढच्या आखाडीले पायू."